सिद्रामने न दिलेला शेवटचा पेपर

सोमवार, ता. १२ जून १९१६ रोजी मी बेळगावच्या पोस्टातून मुंबई विद्यापीठाला दोन रुपयांची मनीऑर्डर केली. कमिशन धरून खर्च दोन रुपये दोन आणे झाला. बी. ए.ला पास न झालेल्या विद्यार्थ्याला आपले पेपरवार गुण हवे असतील तर ते इतकी फी भरून मिळत. अर्ज माझा नव्हता. पुण्यात माझ्या खोलीवर राहणाऱ्या मित्राचा, शहापूरच्या सिद्रामचा होता. त्याने सही केली ती कंटाळून. "तुला बगायचं आसंल तर बग. मला न्हाय बगायचं," असे म्हणून त्याने टाक खाली ठेवला.

ते गुण मागवले नसते तर बरे झाले असते असे मला अनेकदा वाटले आहे. येत्या सप्टेंबरअखेर मी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतून निवृत्त होत आहे. एकतीस वर्षे तिथे हिशेब लिहिले. सिद्रामविषयी मला जे माहीत आहे ते आता सवड आहे तोवर क्रमाने लिहून ठेवतो.

आमचे घर अनगोळचे, शेतकऱ्याचे. सिद्राम विणकराचा मुलगा. अनगोळ आणि शहापूर दोन्ही बेळगावला लागून. पण शहापूर सांगली संस्थानात, म्हणून शाळेत आम्ही त्याला 'संस्थानी' म्हणून चिडवायचो. मॅट्रिकनंतर दोघेही पुण्याला गेलो. मी इंटर कसाबसा पास झालो आणि कॉलेज सोडून एका खाजगी वर्गात जमाखर्च, व्यापारी पत्रव्यवहार आणि टायपिंग शिकलो. सिद्राम गणित घेऊन बी. ए.ला राहिला.

कॉलेज त्याच्याइतके आवडलेला माणूस मी पाहिलेला नाही. सुट्टीच्या दिवशीही तो लायब्ररीच्या पायरीवर जाऊन बसे, उघडली नाही तरी. गणिताच्या प्रोफेसरांनी एखादे उदाहरण दोन रीतींनी सोडवून दाखवले की तो घरी येऊन तिसरी रीत शोधी आणि खोलीच्या फरशीवर खडूने लिहून ठेवी. घरमालकीण ओरडे. तो म्हणे, "आवो, पुसू नका, अजून संपलं न्हाय." मी त्या आकड्यांवरून पाय उचलून चालत असे. ग्रहांच्या गतीचे गणित हा त्याचा सर्वांत आवडता विषय, आणि परीक्षेत तो पेपर शेवटी असे.

त्याचा खर्च त्याची गल्ली करत होती. गल्लीत सत्तर-ऐंशी माग होते. प्रत्येक लुगड्यामागे एक पैसा सिद्रामच्या शिक्षणासाठी बाजूला काढायचा असे सर्वांनी मिळून ठरवले होते, आणि तो पैसा सिद्रामचे वडील अंबाजीआप्पा यांच्याकडे येई. उपकाराची भाषा कुणी केली नाही. गल्ली फक्त एक प्रश्न विचारी, "कितवा क्लास?"

हा प्रश्न कुठून आला ते सांगितले पाहिजे. विणून झालेले लुगडे व्यापारी उजेडात धरून पाही. निर्दोष असेल तर पूर्ण मजुरी. कुठे धागा सुटलेला, काठ ओढलेला दिसला की ते डागी. मग मजुरी निम्मी, आणि चार माणसांत मान खाली. विद्यापीठात पहिला, दुसरा आणि पास असे वर्ग असतात हे गल्लीला समजले तेव्हा तिने आपल्या परीने अर्थ लावला. पहिला वर्ग म्हणजे चोख माल, बाकी सारा डागी. मी एकदा अंबाजीआप्पांना समजावायला गेलो.

"आप्पा, सेकंड क्लास म्हंजे लई चांगला. शंभरात धा जणांस्नी बी मिळत न्हाय."

"आसंल की. पर डाग त्यो डागच. व्यापारी इचारतोय व्हय, शंभरात किती लुगडी डागी निगाली म्हनून?"



विणकरांचा आणखी एक नियम सिद्रामच्या अंगात लहानपणापासून भिनलेला होता. लुगडे मागावर आहे तोवर चूक दिसली तर तेवढा भाग उसवून पुन्हा विणता येतो. एकदा मागावरून कापले की संपले. पास झालेल्या माणसाला वर्गासाठी पुन्हा बसता येत नव्हते. पास न झालेल्याला येत होते. ह्या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात केव्हा एकत्र आल्या ते मला कळले नाही. कळले तेव्हा उशीर झाला होता, आणि त्याला निमित्त मी झालो होतो.

परीक्षा एप्रिलमध्ये झाली. सहा पेपर होते. रोज पेपर सुटल्यावर सिद्राम प्रश्नपत्रिका माझ्यापुढे ठेवी, कुठले उदाहरण किती सोडवले ते सांगे आणि म्हणे, "तू हिशेबाचा मानूस. मोज." मी मोजत असे. माझी शिस्त जमाखर्चाची. आमच्या वर्गात ताळा जमला नाही तर हिशेब चूक, आणि चुकलेल्या हिशेबाला शून्य. गणितातही तसेच असणार असे मी धरले. जे उदाहरण शेवटच्या उत्तरापर्यंत पोहोचले नव्हते त्याला मी शून्य देत गेलो. अशी दोन-तीन उदाहरणे प्रत्येक पेपरात होती. शेवटच्या पेपराच्या आदल्या दिवशी मी पाच पेपरांची सरासरी काढली.

"छप्पन्न टक्के," मी म्हणालो. "उद्याच्या पेपरात सत्तर पडले तरी अठ्ठावन्न. साठ हुईत न्हाईत."

"नीट बगितलंस?"

"दोनदा बेरीज केली."

बेरीज बरोबरच होती.

दुसऱ्या दिवशी तो जेवला, कोट घातला, टाक-दौत घेतली आणि गेला. मला वाटले, परीक्षेला गेला. दुपारी परत आला तेव्हा त्याच्या जोड्यांना नदीकाठचा चिखल होता.

"कसा गेला पेपर?"

"दिला न्हाय."

मला वाटले थट्टा करतो आहे. तो कोट काढून खुंटीला अडकवत म्हणाला, "आज दिला आसता तर सेकंड क्लासात पास झालो आसतो. मग संपलं. आता अजून मागावर हाय. म्होरल्या साली उसवून परत इनीन."

गल्लीत सांगितले की ताप आला म्हणून शेवटचा पेपर देता आला नाही. खोटे बोलायला मीही मदत केली.

पुढे मला वखारीत जागा मिळाली. रुजू होण्याआधी महिनाभर घरी होतो. छप्पन्नाचा आकडा डोक्यातून जाईना, म्हणून तो अर्ज मी करायला लावला. जूनअखेर विद्यापीठाचा लिफाफा अनगोळला माझ्या पत्त्यावर आला. दिलेल्या पाच पेपरांची सरासरी चौसष्ट होती. अर्धवट उदाहरणांना परीक्षकांनी रीत पाहून गुण दिले होते. शेवटच्या पेपरात चाळीस मिळाले असते तरी सिद्रामला पहिला वर्ग होता.

हे त्याला सांगावे की नाही यावर मी एक दिवस विचार केला. सांगितले तर तो मला शिव्या देईल, पण पुढच्या वर्षी धीराने बसेल आणि त्याच्या मनाला समाधान वाटेल, असा माझा अंदाज होता. शिव्या खाण्याची तयारी करून मी सकाळी शहापूरला गेलो.

पावसाने उघडीप दिली होती, म्हणून गल्लीत लांबच लांब ताणा पसरलेला होता. अंबाजीआप्पा मोठ्या कुंच्याने त्याला खळ लावत होते. दुसऱ्या टोकाला सिद्राम धागे सारखे करत होता.

"काय रं परशा," आप्पा म्हणाले, "ऐन पेरणीच्या टायमाला अनगोळचा गडी शहापुरात? हितं काय पेरतोस?"

मी कागद सिद्रामच्या हातात दिला. त्याची बोटे खळीने ओली होती. कागदाला डाग पडले. त्याने आकडे वरून खाली वाचले, मग खालून वर.

"चूक माझी," मी म्हणालो. "अर्ध्या उदाहरणांस्नी मी शून्य धरलं. त्यांनी धरलं न्हाय. तुला पहिला वर्ग हुता, सिद्राम. मार मला काय मारायचं ते."

तो हसायला लागला. खूप वेळाने मी त्याला तसे हसताना पाहत होतो. "आप्पा," तो ताण्याच्या ह्या टोकावरून ओरडला, "फस्क्लास!"

आप्पांनी कुंचा टाकला. शेजारचे माग थांबले. मी घाईने म्हणालो, "आप्पा, पास झाला न्हाय त्यो. एक पेपर ऱ्हायलाय."

"ऱ्हाऊ दे रं. टोकाचं चार बोटं इनायचं ऱ्हायलं म्हनून लुगडं डागी हुतंय व्हय?"

सिद्रामची आई मनुबाई आतून गूळ घेऊन आली आणि पहिला खडा तिने माझ्याच तोंडात घातला. गल्लीभर गूळ वाटला गेला. कुणीतरी पिंपावर थाप मारून ताल धरला. मला थांबवता आले नाही. खरे सांगायचे तर, शिव्यांऐवजी गूळ मिळाला म्हणून मला बरेही वाटत होते.

त्या दिवसापासून सिद्रामचे नाव 'फस्क्लास' पडले. "फस्क्लास हाय का घरात?" "फस्क्लास, जरा ह्ये पत्र वाच." काही जण मायेने म्हणत, काही थट्टेने, पण म्हणत सगळेच. वर्ग मिळण्याआधी तो गल्लीत वाटून झाला होता. आता विद्यापीठाकडून काहीही कमी आणले तर ते गल्लीला दिलेले परत घेतल्यासारखे झाले असते.

१९१७ साली तो पुन्हा बसला. आता माझी गरज नव्हती. स्वतःच मोजत होता. तिसऱ्या पेपरानंतर सत्तावन्न आले आणि तो गाडीत बसून परत आला. १९१८ साली पाच पेपर दिले. सहाव्याच्या दिवशी परीक्षेच्या मांडवाच्या दारापर्यंत गेला, घंटा ऐकली आणि फिरला. त्याने मला निपाणीला पत्र लिहिले: 'ह्या खेपेस माझ्या हिशेबाने साडेअठ्ठावन्न होत होते. तुझ्यासारखी चूक मी करीत नाही, रीतीचे गुण धरतो. तरी साडेअठ्ठावन्न.' विद्यापीठाने प्रत्यक्षात किती दिले होते ते त्याने मागवले नाही, आणि मीही पुन्हा मनीऑर्डर केली नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आगेमागे इन्फ्लुएंझाच्या साथीत अंबाजीआप्पा गेले. गल्लीतली अकरा माणसे गेली. लढाईमुळे सूत आधीच महाग झाले होते; निम्मे माग बंद पडले, आणि लुगड्यामागचा पैसाही बंद झाला. सिद्राम बापाच्या मागावर बसला. दोन वर्षांनी त्याचे लग्न वडगावच्या बायाक्काशी झाले. तीही विणकराची मुलगी. काठाचे काम त्याच्यापेक्षा चांगले करी आणि ते त्याला ऐकवीही.

१९२३ मध्ये मी त्याला वखारीत कारकुनाची जागा मिळवून दिली. पगार तीस रुपये. आमचे व्यवस्थापक मारुतीराव भला माणूस, पण मोठ्याने बोलणारा. त्यांनी नोकरीचा कागद पुढे ठेवला. सिद्रामचा टाक 'शिक्षण' ह्या शब्दापाशी थांबला.

"लिवा की," मारुतीराव म्हणाले. "बी. ए. नापास."

"नापास न्हाय मी."

"मग पास?"

"पास बी न्हाय."

"आवो, मग हाईसा तरी काय?"

वखारीतल्या बायाही पाने निवडता निवडता हसल्या. मारुतीरावांनाच मग वाईट वाटले. "मॅट्रिक लिवा," ते म्हणाले, "आमच्या तंबाखूला तेवढं बास हाय." सिद्रामने मॅट्रिक लिहिले.

काम त्याने उत्तम केले. चार महिने सुरळीत गेले. मग वखारीचे हिशेब तपासायला इन्कमटॅक्सचे एक अधिकारी आले. ते पुण्याला आमच्याच कॉलेजात होते, दुसऱ्या वर्गात पास झालेले. सिद्रामला पाहून खुर्चीवरून उठले, त्याचा हात हातात घेतला आणि आम्हा सर्वांना म्हणाले, "आमच्या वेळचा सर्वांत हुशार मुलगा हा. आमच्या शंका हाच सोडवायचा." ते मनापासून बोलत होते. दुसऱ्या दिवशी सिद्राम कामावर आला नाही. माझ्या टेबलावर चिठ्ठी होती, 'मागावर बसायला जातो. रागावू नको.'

त्यानंतर काही वर्षांनी, एका रिकाम्या दुपारी, मी आमच्या वेळच्या बावीस मुलांची यादी केली. नाव, वर्ग, आजची नोकरी, आणि माणूस एकंदर सुखात आहे की नाही याविषयी माझा अंदाज. कॉलेजात असताना गुण आणि समाधान बरेचसे बरोबर चालत होते हे मला आठवत होते. ज्यांना गुण मिळत त्यांना कॉलेज आवडे. मला मिळत नव्हते आणि मला ते दिवस आवडले नाहीत. पहिल्या नोकरीलाही वर्गाचा उपयोग झाला होता, पगारात पंधरा-वीस रुपयांचा फरक दिसत होता. पण पुढे धागा सुटत गेला. पहिल्या वर्गाचा एक हेडमास्तर प्रत्येक भेटीत वरिष्ठांविषयी कडू बोलतो. पहिल्या वर्गाचाच दुसरा एक जण मजेत आहे. पास वर्गातल्या दोघांची हीच तऱ्हा. मला स्वतःला पहिल्या वर्षानंतर कुणी काही विचारले नाही, आणि मी पोट भरून जेवतो, झोपतो. सिद्रामचे नाव मात्र कुठल्या रकान्यात घालावे ते ठरेना. कॉलेज सर्वांत जास्त आवडले त्याला. वर्ग त्याला मिळाला नव्हता, पण तो मिळण्यासारखा होता हे कागदावर सिद्ध झालेले होते. ती यादी मी अर्धी असतानाच फाडून टाकली.

तो दुःखी दिसे असेही नाही. संध्याकाळी गल्लीतली मॅट्रिकची मुले त्याच्याकडे गणित शिकायला येत. पाटीवर उदाहरण मांडताना त्याचा चेहरा पुण्याच्या खोलीतल्यासारखा होई. मुले पास होऊन पाया पडायला आली की मात्र तो एकच विचारी, "गुण गेले कुटं?" शंभरातले ब्याण्णव आणणाऱ्या मुलालाही त्याने आठ गुणांबद्दल तासभर बसवून ठेवले होते. त्या मुलाची आई पुढे त्याला पाठवीनाशी झाली.

सिद्रामला एकच मुलगी, इंदू. बेळगावातच कॉलेज निघाल्यामुळे तिला शिकता आले. बायाक्काने मागावर जास्तीचे बसून तिची फी भरली. इंदू हुशार म्हणावी अशी नव्हती, पण हसरी, बोलकी. कॉलेजच्या नाटकात काम करी, मैत्रिणी घरी आणी, आणि बापाला न घाबरणारी त्या घरातली दुसरी बाई होती. पहिली तिची आई.

एप्रिल १९४६ मध्ये तिची बी. ए.ची परीक्षा होती, केंद्र बेळगावातच. मी रजा घेऊन अनगोळला आलो होतो. तिच्या शेवटच्या पेपराच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, सहज शहापूरला गेलो. सिद्राम उंबऱ्यावर दाराला आडवे पाय पसरून बसला होता. शेजारी इंदूच्या आधीच्या पेपरांच्या प्रश्नपत्रिका होत्या, प्रत्येकीच्या कडेला पेन्सिलीने आकडे. इंदू तयार होऊन आत उभी होती. बायाक्का मागावर होती. धोटा चालू होता.

"बरं झालं आलास," सिद्राम म्हणाला. "हिला सांग. त्रेचाळीस हुत्यात. लई झालं तर चव्वेचाळीस. आज गेली तर पास हुईल."

"मग जाऊ दे की तिला. पास तर हुईल."

"पास झाली की संपलं बग, परशा. मग जन्मभर पास. आज न्हाय गेली तर म्होरलं साल हाय. मी शिकवीन. वर्सभर शिकवीन."

मला बोलायचे नव्हते तरी तोंडून गेले. "आनि तू रं? तू जन्मभर काय हाईस?"

"फस्क्लास," तो म्हणाला. हसला नाही.

धोटा थांबला. "एक सांगू काय, भावजी?" बायाक्का आतून म्हणाली. "ह्येंचं लुगडं तीस वरसं झाली मागावरच हाय. ना पुरं करत्यात, ना कापत्यात. मला सवय झाली. आता पोरीचं बी त्याच मागावर चढवायला निगाल्यात."

सिद्रामने मान वळवली नाही. मी त्याच्याजवळ उंबऱ्यावर बसलो. इतकी वर्षे जे एकदाच बोललो होतो ते पुन्हा बोललो. "सिद्राम, मुळात चूक माझ्या मोजणीची. ती मोजणी केली नसती तर—"

"तुझी एकदाच," तो म्हणाला. "मागनं दोनदा मीच उठून आलो. तवा तू निपाणीत हुतास. सगळं आपल्या अंगावर वडून घिऊ नको. तेवढं बी माझं ऱ्हाऊ दे की."

हे वाक्य त्याने शांतपणे उच्चारले. मला त्याचा राग यायला हवा होता की सुटका वाटायला हवी होती, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

इंदू पुढे आली. "अण्णा, मला कॉलेज लई आवडलं. चार वर्षं मजेत गेली. ह्या कागदावर त्याचे मार्क तुम्ही कुठं धरलेत, दाखवा की."

सिद्रामने कागद उलटून पाहिला.

"निपाणीच्या मुलींच्या शाळेला बी. ए. झालेली बाई पाहिजे," ती म्हणाली. "काकांना विचारा. कितवा क्लास ते त्यांनी लिहिलंच न्हाई जाहिरातीत."

"न्हाय लिहिलं," मी म्हणालो. जाहिरात मीच पाठवली होती.

"अण्णा, साडेदहा होतील आता. पाय घ्या."

तो हलला नाही. बायाक्काचा धोटा पुन्हा सुरू झाला नाही. गल्लीत कुणीतरी कुणाला तरी पाण्यासाठी हाक मारत होते. इंदू रडेल असे मला वाटले; ती रडली नाही, नुसती उभी राहिली. मग सिद्रामने पाय जवळ घेतले. आधी एक, मग दुसरा. ती त्याला ओलांडून नव्हे, त्याच्या बाजूने वाकून बाहेर पडली.

चालत जाऊन वेळ गाठता येणार नव्हती. तिच्याजवळ पैसे नव्हते आणि बापाकडे ती त्या क्षणी मागणार नव्हती. "काका, टांग्याला सहा आणे हाईत? पगार झाला की देते."

"पगाराचा अजून पत्ता न्हाय गं."

"मग व्याजासकट घ्या," म्हणून ती पळाली.

मी तिथेच थांबलो. सिद्रामला एकटे सोडून जावेसे वाटेना. जेवायला वाढले तेव्हा तो जेवला. मग मागावर बसला, पण फार विणले नाही. दोनच्या सुमारास त्याने मला वेळ विचारली. थोड्या वेळाने पुन्हा विचारली.

"सुटला आसंल न्हवं पेपर?"

"सुटला आसंल."

"शेवटचा पेपर सुटल्यावर काय करत्यात रं पोरं?"

 मी स्वतः इंटरचा शेवटचा पेपर दिला होता, पण तो कधी दिला आणि नंतर काय केले ते माझ्या लक्षातही राहिलेले नव्हते. "काय करणार," मी म्हणालो, "हॉटेलात जाऊन चहा पीत आसत्यात."

"चहा," तो म्हणाला.

इंदू पाच वाजता आली, मैत्रिणींबरोबर चहा पिऊन. सिद्रामने तिला पेपर कसा गेला ते विचारले नाही, प्रश्नपत्रिकाही मागितली नाही. तिने ती स्वतःहून त्याच्यापुढे ठेवली. त्याने घडी घालून कोनाड्यात ठेवली, पेन्सिल न लावता.

निकाल जूनमध्ये लागला. इंदू पास वर्गात पास झाली. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या दुर्गाबाईंनी दारातून विचारले, "फस्क्लासाची पोर न्हवं? कितवा क्लास आला?" सिद्राम म्हणाला, "पास झाली." आणि आत गेला. त्या दिवशी घरी कुणाला काही वाटले गेले नाही. बायाक्काने मला नंतर सांगितले की तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी नेहमीसारखा कामाला लागला.

इंदू निपाणीला रुजू झाली. आमच्या घराजवळच एका खोलीत राहते, रविवारी आमच्याकडे जेवते. शाळेतल्या मुली तिच्यामागे फिरत असतात. ती समाधानी आहे, निदान दिसते तशी. पुढेही राहील का, हे मी सांगू शकत नाही. माझ्या यादीने मला तेवढे तरी शिकवले आहे.

सिद्राम ह्या वर्षभरात निपाणीला एकदाच आला. मी त्याला शाळेकडे घेऊन गेलो. तो रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली उभा राहिला. आत चल म्हटले तर म्हणाला, "नको. हेडमास्तर इचारतील, तुमचं शिक्षण किती." खिडकीतून इंदूचा आवाज येत होता, मुली एका सुरात काहीतरी म्हणत होत्या.

"पोरी तिचं ऐकत्यात," तो म्हणाला.

"ऐकत्यात की."

"तिला कुनी क्लास इचारत न्हाय?"

"न्हाय."

तो शाळेची घंटा होईपर्यंत उभा होता. मग इंदू बाहेर येण्याआधीच बेळगावची मोटार गाठायची म्हणून घाईने निघाला. मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. मोटारीत बसल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले नाही. परीक्षेविषयी तो इंदूशी आजवर एक शब्दही बोललेला नाही, आणि ती त्याला पत्रात शाळेविषयी फारसे लिहीत नाही.

इंदूला पहिला पगार जुलै १९४६ मध्ये मिळाला. टांग्याचे सहा आणे तिने अद्याप दिलेले नाहीत.